कोऱ्या पेशी

बुधवार, १२ फेब्रुवारी

जुनी बाटली तळाला गेली म्हणून आज नवी काढली. करंगळीच्या पेराएवढी बाटली, पण तोरा केवढा — बर्फात बसून आली, सही घेतल्याशिवाय हातात पडली नाही. आत अँटिबॉडी. तिचं काम एकच. कॅन्सरच्या गाठीच्या तुकड्यात पोटॅशियमला पेशीत ये-जा करू देणारं एक प्रथिन असेल तिथे जाऊन चिकटायचं. मग आम्ही रंग घालतो. चिकटली असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे नुसतं निळं. एवढ्यासाठी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी आयुष्याची सहा वर्षं घातली आणि माझीही चार घालवली.

नवी बाटली आली की आमची रीत ठरलेली. पेशंटच्या तुकड्यांना हात लावायच्या आधी दोन स्लाइड लावायच्या. एक हमखास होकाराची, ते प्रथिन नक्की असलेली. दुसरी कोऱ्या पेशींची — म्हणजे ज्यांच्यातून ते प्रथिन मुळापासून काढून टाकलंय अशा पेशी. त्या निळ्याच राहायला हव्यात. तपकिरी दिसल्या तर बाटली खोटी, भलत्यालाच चिकटतेय. दोन्ही बरोबर आल्या की रजिस्टरात सही, मगच पुढचं काम.

पहिली झाली. सुरेख तपकिरी. दुसरी लावणार तोच दादाचा फोन. वहिनीच्या गाठीचा तुकडा काढला आणि रक्त थांबेना. ती मलाच बोलावतेय. दादा माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा, पण फोनवर रडवेला. हातातलं टाकलं आणि निघाले. दारात लांबू — आमच्या टेबलावरचा दुसरा टेक्निशियन, दरवाजातून वाकून येणारा — म्हणाला, "अहो, रजिस्टर! मॅडम मागतायत." उभ्याउभ्या लिहिलं: दोन्ही बरोबर. सही केली. दुसरी उद्या लावतेच की.

रक्त थांबलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणते, "वन्सं, काही खाल्लंस का?" मी अकरा वर्षांची असताना ती या घरात आली. नणंदेला वन्सं म्हणतात म्हणून त्या शेंबड्या पोरीला गमतीत म्हणाली, ते आज छत्तीस वर्षं चालूच आहे. आई आठवत नाही मला फारशी. वहिनी आठवते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कोऱ्यांची स्लाइड राहिली. रंगाचं मशीन दिवसभर भरलेलं. उद्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तपकिरी! वहिनीची स्लाइड तपकिरी!

खरं तर कुणाची कुठली ते मला कळायला नको. तुकड्यांवर नुसते नंबर असतात. पण तो तुकडा मेणात मीच बसवलाय, त्याचा आकार मला पाठ आहे — एका बाजूला चावा घेतल्यासारखा. सहा नंबर. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "सहा, घेता येईल." मी रुमालात नाक शिंकरलं. म्हणाले, रंगाच्या वासाने होतंय.

नव्या गोळीची चाचणी आहे. ती गोळी त्या प्रथिनाचं दार बंद करते. दार बंद झालं की गाठ उपाशी. पण तसलंच दार हृदयातही असतं, म्हणून गोळी हृदयाला त्रास देते. कुणाकुणाचे ठोके चुकतात. म्हणून नियम कडक — ज्यांच्या गाठीवर प्रथिन खात्रीने आहे त्यांनाच द्यायची. नसेल त्याला देणं म्हणजे फायदा शून्य आणि जीव टांगणीला.

वहिनीवर बाकीची औषधं दोनदा करून झाली. ही तिसरी आणि शेवटची आशा. संध्याकाळी तिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या गाठीला दारं आहेत? बरं झालं. इतकी वर्षं घर सांभाळलं, दारं कशी लावायची ते मला येतं." दादा हसला. कित्येक दिवसांनी हसला.

सोमवार, ३ मार्च

एकूण अकरा जण निवडले. सात आमचे, चार दुसऱ्या केंद्राचे — त्यांचे तुकडे आमच्याकडे येतात, रंग आम्हीच करतो. आमच्या भिंतीवर तक्ता लागलाय. पहिली गोळी सोमवार, १७ मार्च.

सगळ्यांत गडद नऊ नंबर, दुसऱ्या केंद्राचा. मॅडम त्या स्लाइडच्या प्रेमातच पडल्यात. "छापायचं तर याचंच चित्र छापायचं." त्याच्या फॉर्मवर वय चौतीस. कामधंदा: पोहायला शिकवतो. शेजारी कुणीतरी पेनाने लिहिलंय — पेशंट विचारतो, गोळी चालू असताना पाण्यात उतरलं तर चालेल का. लांबू म्हणाला, "पठ्ठ्या मरणाच्या दारात उभा आणि चिंता तलावाची." मला आवडला तो माणूस.

वहिनीने कपाट आवरलं. मला हे लक्षण आवडत नाही, पण ती गुणगुणत आवरत होती.

मंगळवार, ११ मार्च

कुणाला सांगता येत नाही. लिहिते तरी.

मॅडमना छापायला दोन चित्रं हवी होती. नऊ नंबर, आणि शेजारी त्याच बाटलीने रंगवलेल्या कोऱ्या पेशी. एक गडद तपकिरी, एक निळी, बघणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. म्हणाल्या, "नव्या बाटलीची कोऱ्यांची स्लाइड काढून दे." नव्हतीच ती. कधी लावलीच नव्हती. म्हटलं, जुनी फिकी झालीये, ताजी करून देते. किती सहज खोटं बोलले.

दुपारी लावली. साडेचारला भिंगाखाली घेतली.

तपकिरी.

वाटलं, स्लाइडची अदलाबदल झाली. नंबर पाहिला. बरोबर होता. पुन्हा पाहिलं. ज्या पेशींत ते प्रथिन असूच शकत नाही त्यांच्यावर नव्या बाटलीतली बया ठाण मांडून बसलीये. म्हणजे ती भलत्याच कशाला तरी चिकटतेय, आणि ते भलतं सगळ्यांच्यात आहे. म्हणजे अकराच्या अकरा तपकिरी येणारच होत्या. माझ्यातला तुकडा ठेवला असता तर तोही आला असता.

स्लाइड माझ्या कपाटात ठेवली. मॅडमना सांगितलं, नीट आली नाही, परत करते. त्या घाईत होत्या, मान हलवली.

बसमध्ये उतरायचा थांबा चुकला.

बुधवार, १२ मार्च

मी चिंधीचोर आहे. संपलेल्या बाटल्या फेकत नाही. सगळ्यांनी माझी टिंगल केली आहे त्यावरून. आज तीच सवय कामी आली. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडं होतं. मोजून मापून तीन स्लाइडपुरतं.

पहिली कोऱ्यांची — अँटिबॉडीच बदलली की दुसरं काही बिघडलंय ते कळायला. दुसरी हमखास होकाराची — जुनं अजून जिवंत आहे ना ते बघायला. तिसरी कुणाची लावली हे या वहीतसुद्धा लिहायला लाज वाटते. बाकीच्या दहा जणांचेही तुकडे समोरच्या खणात पडले होते. मी सरळ सहा नंबर उचलला.

कोऱ्या निळ्या. होकाराची तपकिरी. म्हणजे जुनी बाटली खरी, नवी खोटी, शंकाच नको.

सहा नंबर निळा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळा. मी एकेक पेशी धुंडाळली, मान अवघडेपर्यंत. कुठेतरी, एखाद्या टोकाला तरी. काही नाही. वहिनीच्या गाठीला दारं नाहीत.

त्यात दुसऱ्या केंद्राचा फोन आला. नऊ नंबरच्या रिपोर्टची शिक्का मारलेली प्रत हवीये, फाइल पुरी करायचीये. मी म्हणायला हवं होतं, थांबा. तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाठवते." शिक्का मारला, पाठवली. गोळ्या त्यांच्याही सोमवारीच सुरू होणार. सोमवारला अजून पाच दिवस आहेत. तोवर मी काहीतरी करेन.

गुरुवार, १३ मार्च

काही केलं नाही.

मनात नुसता बाजार. समजा बोललेच नाही. वहिनीला गोळी मिळेल. प्रथिन नसलं तरी एखादे वेळी लागू पडेल, औषधांचं काय सांगावं? — हे मी, चार वर्षं या टेबलावर बसलेली बाई, स्वतःला सांगतेय. एखाद्या अडाण्याने असं म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आणि बोलले तर? सही माझी. दोन्ही बरोबर, खाली माझं नाव, वळण घेतलेलं. नोकरी जाईल, जाऊ दे. पण दादाला तोंड कसं दाखवू? तो काल मला म्हणाला, "तू त्या जागी होतीस म्हणून हे जमलं बघ." म्हणजे काय, मी खटपट करून तिचा नंबर लावला असं वाटतंय की काय त्याला? आणि लावला नाही तर काय केलं?

लांबूने चहा आणून ठेवला. "आज तुमची जीभ कुठे गहाण पडलीये? सकाळपासून मला एकदाही शिवी नाही." चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, याला कळलंय. त्याला काय कळणार बिचाऱ्याला. चहा तसाच थंड झाला.

घरी वहिनीने पिशवी भरायला घेतलीये. सोमवारी दाखल व्हायचंय ना. दोन गाऊन, चष्मा, विणकाम. सुया मला दाखवून म्हणाली, "तुझा स्वेटर. गळ्यापाशी आलाय. गोळी लागू पडली तर बाह्या होतील, नाहीतर बिनबाह्यांचा घाल." असलं बोलते ती. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

बाहेर आले तर दादा तिला गोळीचा कागद वाचून दाखवत होता. ठोके अनियमित होऊ शकतात. शुद्ध हरपू शकते. क्वचित हृदय बंद पडू शकतं. वहिनी म्हणाली, "वाच वाच, घाबरू नकोस, वन्संची खात्री आहे म्हणजे झालं."

वन्संची खात्री. उद्या सांगते. उद्या नक्की.

शुक्रवार, १४ मार्च

सांगितलं.

साडेनवाला मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं, स्लाइड टेबलावर ठेवल्या. कोऱ्यांची नव्या बाटलीची, कोऱ्यांची जुन्या बाटलीची. त्यांनी दोन्ही पाहिल्या. पहिली परत पाहिली. त्यांच्या भिंगावरचा हात निवांत होता, मानेवरची शीर तेवढी उडत होती. मग रजिस्टर मागवलं. माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"लावली होतीस?"

"नाही."

"का?"

"वहिनीला रक्त जात होतं. उद्या लावू म्हटलं आणि राहिलं."

माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं रजिस्टर मिटलं. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

आणि मी म्हणाले, "आज सकाळी."

का म्हणाले? ठरवलं नव्हतं. मंगळवार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग तीन दिवस काय करत होतीस? मग सहा नंबर निघाला असता. चूक एक वेळ पदरात घेता येते. ते तीन दिवस नाही घेता आले.

"निदान आज तरी आलीस," म्हणाल्या. लगेच फोन उचलला. आमच्या वॉर्डाला, औषधाच्या खोलीला, दुसऱ्या केंद्राला. तिथे कुणी डॉक्टर भेटले नाहीत, ऑफिसातल्या बाईंकडे निरोप दिला, वर लेखी पाठवलं. चाचणी थांबली. मला म्हणाल्या, चौकशी होईल, तोवर मशीनला हात लावू नकोस, पण रोज ये.

बाहेर आले. लांबू उभाच होता. काही न विचारता त्याने माझी खुर्ची पुढे सरकवली.

शनिवार, १५ मार्च

सकाळी वहिनीजवळ बसले. दादाही होता. सगळं सांगितलं — सही, बाटली, चाचणी थांबल्याचं. तिची स्लाइड खरी कशी आहे तेही. ती विणत होती. टाके मोजून संपवले आणि मग सुया खाली ठेवल्या.

दादा उठून गच्चीत गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या एका सहीपायी...," आणि पुढचं गिळलं. गिळलं नसतं तरी चाललं असतं.

वहिनीने लोकरीचा गुंडा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मीच बोलावलं होतं तुला. हात तुझा धरायचा होता."

"वहिनी, तसं नाही ग."

"तसंच आहे. आता मला सांग, ती गोळी मी घेतली असती तर?"

"काही उपयोग झाला नसता. हृदयाला धोका मात्र झाला असता."

"आणि बाकीच्या दहा जणांना?"

"त्यांनाही. एखाद्याला खरंच असेलही, पण आता कुणाचंच सांगता येत नाही."

"मग कळल्या कळल्या सांगितलंस, ते बरं केलंस. उशीर केला असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते." माझ्या डोक्यावर हात ठेवला. हलका झालाय तिचा हात. "रडू नकोस. सोमवारी जुन्या डॉक्टरांकडे जाऊ. तेच ते, पण ओळखीचे आहेत."

कळल्या कळल्या. मी मान खाली घालून बसले. खरं सांगायला तीच वेळ होती. सांगितलं नाही.

सोमवार, १७ मार्च

मीटिंग. सगळा विभाग जमला होता. मला वाटलं, आता जाहीर धिंडवडे. मॅडम म्हणाल्या, सहीची चूक गंभीर आहे, तिचं काय ते समिती ठरवेल. पण स्वतःची चूक कळल्यावर एक तासही न दवडता जी बाई दार उघडून आत येते, तिच्यामुळे आज अकरा माणसं सुखरूप आहेत. लोक वर्षानुवर्षं अशी चूक झाकून ठेवतात, म्हणाल्या. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लांबूच असणार.

माझ्या कानांच्या पाळ्या पेटल्या. हसू आणलं चेहऱ्यावर. ते किती भयंकर दिसलं असेल ते भिंतीला ठाऊक.

नवीन बाटली मागवलीये. या वेळी कोऱ्यांची स्लाइड मॅडम स्वतः लावणार. दहा दिवसांत अकराही परत रंगवायच्या. दुपारी वहिनीला घेऊन जुन्या डॉक्टरांकडे गेले. तेच औषध, नवीन वेळापत्रक. बाहेर पडताना वहिनी म्हणाली, "बाह्या करायला वेळ मिळेलसं दिसतंय." खोटं बोलली, पण बरं वाटलं.

त्या पोहायला शिकवणाऱ्याचा विचार आला. त्याची स्लाइड जुन्या बाटलीने लावून पाहायला हवी होती. तीनपैकी एक त्याला दिली असती तर आज त्याचं काय ते माहीत असतं. असो. दहा दिवसांत कळेल.

मंगळवार, १८ मार्च

नऊ नंबर गेला.

त्यांच्या केंद्राने आमच्यासारखी सोमवारची वाट पाहिली नव्हती. मी पाठवलेली शिक्क्याची प्रत मिळाली, फाइल पुरी झाली. गुरुवारी सकाळी पहिली गोळी दिली. गुरुवारी संध्याकाळी हृदय बंद पडलं. हृदयच कच्चं असेल, असं त्यांना वाटलं. आमचा निरोप वाचल्यावर त्यांनी कागद चाळले, आणि आज फोन केला.

मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुला शुक्रवारी कळलं. तो गुरुवारी गेला. हे तुझ्या हातात नव्हतं. उद्या समितीला फक्त तारीख नीट सांग."

समिती उद्या अकराला. ही वही पिशवीत ठेवली आहे. गेल्या मंगळवारचं, अकरा तारखेचं पान दुमडून.